शिलेदार माशाचं लेबल

अण्णा, मागच्या महिन्यात मी तुमच्या कॉलेजात जाऊन आले. देवासहून सकाळची बस, इंदूरला बदलून दुसरी, आणि अकराच्या आत धार. आईला सांगितलं नव्हतं. आधी तिथलं काम उरकावं आणि मग घरी जावं, असं ठरवलं होतं. प्राणिशास्त्राची ती लांब खोली, जिथे तुम्ही परिचर म्हणून सव्वीस वर्षं काढलीत, आता स्मार्ट क्लास होणार आहे. भिंतीवर मोठा पडदा लागलाय आणि तुमची कपाटं व्हरांड्यात आलीत. नव्या विभागप्रमुख मॅडमनी मला फोन केला होता, कारण मी देवासच्या कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे तासांवर पगार घेऊन, प्राणिशास्त्रच शिकवते. "तुम तो यहीं की हो, ज़रा लिस्ट बनवा दो," त्या म्हणाल्या. ज्या बरण्यांवर नाव आहे त्या वरच्या मजल्यावर जाणार आणि ज्यांवर नाही त्या यादी करून मैदानामागच्या खड्ड्यात पुरणार, असं ठरलेलं होतं. बिननावाच्या बरण्या एका टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. त्यांत तुमचा शिलेदार मासा होता.

तुमच्या वेळचे स्टोअरचे बाबूजी अजून आहेत, या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी मला दारातच ओळखलं. "कौन, अण्णा की छोरी? अरे, तू तो मैडम हो गई!" मी म्हटलं, आप तो वैसे के वैसे हैं. ते हसले. "कहाँ वैसे के वैसे! दाँत देख, आधे तो बाज़ार के हैं." मग माझी नजर कुठे आहे ते बघून त्यांनी बरणीवर टिचकी मारली. "ये राक्षस याद है? इसको गड्ढे में डालने को भी कोई तैयार नी है. सफाईवाला बोलता है, भिया, हाथ में काँटे घुस जाएँगे." मी बरणी उचलून खिडकीपाशी नेली. पाणी पिवळं पडलंय आणि माशाचा रंग तर कधीच उडालाय, पण बाकी तो तसाच आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडांच्या पत्र्यांचं कवच, पत्र्यापत्र्यावर मागे वळलेला काटा, तोंडापुढे भाल्याच्या फाळांसारखी दोन टोकं आणि हनुवटीखाली लोंबणाऱ्या मिशा. लहानपणी मी त्याला घाबरायचे आणि तरी तुमच्या मागे लागून त्यालाच बघायला यायचे.

तो तुम्ही कसा आणलात ते मी इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. मी सहा वर्षांची आहे. कॉलेजची सहल केरळच्या किनाऱ्यावर निघालीय आणि फॉर्मॅलिनचे डबे सांभाळायला तुम्हाला बरोबर घेतलंय. आपल्या घरातल्या कुणी त्याआधी समुद्र पाहिलेला नाही. दोन आठवड्यांनी तुम्ही परत येता, नाकाची साल निघालेली, बॅगेत शिंपले, आणि बोलणं संपतच नाही. खोल पाण्यातली कोळंबी आणणाऱ्या बोटी सकाळी धक्क्याला लागतात, कोळंबी टोपल्यांत जाते आणि जाळ्यात आलेलं बाकी सगळं बाजूला ढीग करून टाकतात. मुलं खेकडे आणि तारामासे निवडत होती. तुम्हाला त्या ढिगात एक काटेरी शेपूट हललेलं दिसलं. तुम्ही ते उपसून तेव्हाच्या विभागप्रमुख सरांकडे नेलंत. सर घाईत होते. "रख लो, देखेंगे," एवढंच म्हणाले. नंतर कुणी बघितलं नाही. सरांनी रजिस्टरात लिहिलं, समुद्री मासा, कूळ अनिश्चित. संग्राहक म्हणून त्यांनी सहलीतल्या सगळ्या नमुन्यांपुढे लिहिलं तसं याच्यापुढेही स्वतःचं नाव लिहिलं. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. तशी रीतच होती.

नाव नाही म्हणून बरणी कोरी ठेवायची, हे तुम्हाला पटलं नाही. खोलीतली सगळी लेबलं तुमच्या हातची. घरी स्वयंपाकघरातल्या पाटावर पुठ्ठ्याच्या चौकोनी पट्ट्या, काळी शाई, टाक. रजिस्टरातून उतरवून आणलेली लॅटिन नावं तुम्ही एकेक अक्षर बघून काढायचात. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षर असं की बाहेरून आलेले प्राध्यापक विचारायचे, छापून कुठून आणलं. आई ओरडायची, "आधी हात धुवा, मग त्या पट्ट्या, मग पोळी. तुमच्या हाताच्या वासानं माझी आमटीसुद्धा मेलेल्या बेडकासारखी लागते." तुम्ही बेसन आणि लिंबू लावून हात धुवायचात आणि मुद्दाम तिच्या नाकापुढे नेऊन विचारायचात, "आता?" त्या माशासाठी तुम्ही देवनागरीत लिहिलंत, शिलेदार मासा. मी विचारलं होतं, शिलेदार म्हणजे काय. तुम्ही म्हणालात, आपले पूर्वज इथे पवारांच्या फौजेत होते, त्यांत दोन तऱ्हा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. शिलेदाराचं सगळं स्वतःचं. "याचं बघ, अंगावरचं सगळं स्वतःचं आहे. सरकारी काही नाही." हे सांगताना तुमच्या अंगात खाकी सरकारी सदरा होता आणि तो तुम्ही दोन बोटांत धरून दाखवला होतात.

मी त्याच कॉलेजात शिकायला आले तेव्हा ते नाव मला आवडेनासं झालं. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. दादा बारावीनंतर पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टच्या बसने जायला लागला होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात माझ्या बॅचमधल्या मुली त्या बरणीपुढे उभ्या राहून हसल्या. "ये शिलेदार क्या है? मराठी में मछली ऐसे बोलते हैं क्या?" त्यांना माहीत होतं की खोलीच्या टोकाला चिमटे पुसत उभे असलेले तुम्ही माझे वडील आहात. त्या वाईट मुली नव्हत्या. मीही त्यांच्याबरोबर हसले. विज्ञानाच्या खोलीत सगळं शास्त्रीय असलं पाहिजे, असं मी मनाला सांगितलं आणि त्यावर माझा खरंच विश्वास होता. वाचनालयातल्या जाड पुस्तकात शोधलं. आपल्याला धारमध्ये माहीत असणार काय? तळ्यातला रोहू, कटला, नर्मदेतला एखादा मासा. मला एक चित्र सापडलं. अंगावर हाडांचे पत्रे, मिशा, तळाशी राहणारा. चिलखती मांजरमासा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. असलाच एक इंदूरला मत्स्यालयाच्या दुकानात काच चाटताना मी पाहिलाही होता. तोंडापुढची दोन टोकं चित्रात नव्हती. मी म्हटलं, जात वेगळी असेल. तुम्ही तो समुद्राच्या धक्क्यावर आपल्या हातांनी उपसला होता आणि ते मी शंभर वेळा ऐकलं होतं, तर म्हटलं, इतक्या बरण्यांत अण्णांची गल्लत झाली असेल. तुम्ही स्वयंपाकघरात चार पावलांवर होता, पण विचारलं नाही. पुस्तकात नदी लिहिली होती म्हणून मी तुमच्या समुद्राची नदी केली. तुमचाच टाक, तुमचीच शाई घेतली आणि तुमच्या वळणाचं अक्षर काढून इंग्रजीत लेबल लिहिलं. तुम्ही दादाला घेऊन डॉक्टरकडे गेला होतात त्या दुपारी मी जुनं लेबल भिजवून काढलं आणि नवं चिकटवलं.

तुम्ही ते नंतर पाहिलं असणारच. तेव्हा काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, नावं काय, तुम्हाला वाचता थोडंच येतं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा. स्पॉटिंगसाठी, म्हणजे नमुना नुसता बघून ओळखायला, दहा बरण्या टेबलावर मांडल्यात, पुढे नंबराच्या चिठ्ठ्या, लेबलं भिंतीकडे वळवलेली. मी बाहेर व्हरांड्यात रांगेत आहे, दार उघडं आहे. आतल्या मुलीला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, ये कहाँ रहती है? ती पाठ केलेलं सांगते, मीठे पानी में, दक्षिण अमेरिका. परीक्षक बरणी फिरवतात आणि चष्मा कपाळावर घेतात. "ये नदी की है? किसने लिखा?" सरांचा चेहरा उतरतो. ते रजिस्टर मागवतात, मग तुम्हाला हाक मारतात. "रजिस्टर में साफ लिखा है समुद्री. इतने साल हो गए, देख के उतारना नहीं आता?" मी दारातून तुमची पाठ बघते. तुम्ही बरणी जवळ घेता, लेबलावरून बोट फिरवता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तुम्हाला ते वाचता येत नव्हतं, पण हात कुणाचा आहे हे तुम्हाला कळलं. नंतर तुम्ही म्हणालात, "गलती मेरी है, सर." सर परीक्षकांसमोर ओशाळले होते म्हणून जरा जास्तच बोलले. "आज से लेबल को हाथ मत लगाना. कंप्यूटर वाले से करवा लेंगे." तुम्ही ओला फडका आणलात आणि सगळ्यांसमोर अंगठ्याच्या नखानं ते लेबल खरवडून काढलंत. मी रांगेतच उभी राहिले. माझी परीक्षा दहा मिनिटांवर होती. नंतर मी आत गेले, आणि परीक्षा चांगली झाली.

त्या संध्याकाळी तुम्ही टाकाचं निब कोमट पाण्यात धुतलंत, फडक्यानं कोरडं केलंत आणि टाक, शाईची बाटली, उरलेल्या पट्ट्या, सगळं माझ्यापुढे ठेवलंत. "हे तू ठेव. मला आता लागायचं नाही." मी पट्ट्या सारख्या करत बसले. तुम्ही थोडा वेळ तिथेच उभे होता. मला वाटतं, तुम्ही वाट बघत होता. मग आईनं जेवायला हाक मारली आणि तुम्ही हात धुवायला गेलात. रागावला असता तर मी रडले असते, कबूल केलं असतं आणि तिथल्या तिथे संपलं असतं. तुम्ही रागावला नाहीत. त्यानंतर सात महिने तुम्ही कामावर जात होता, बरण्यांत फॉर्मॅलिन भरत होता, झाकणांना मेण लावत होता, आणि नव्या बरण्यांवर कंप्यूटरवाल्यानं छापलेली, महिन्याभरात सुटणारी लेबलं पुन्हा पुन्हा डिंकानं चिकटवत होता. दिवाळीनंतर तुम्ही गेलात. माझी पदवी बघितली नाहीत.

आता त्या माशाबद्दल मला जे कळलंय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते ऐकायला तुमच्याइतकं आनंदानं दुसरं कुणी बसलं नसतं. मी त्याचे फोटो काढले, मिशा मोजल्या, पत्र्यांच्या रांगा मोजल्या, आणि केरळच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंना पाठवले. त्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. पेरिस्टेडिडी कुळातला आहे, चिलखती मासा असंच त्याला म्हणतात. म्हणजे तुम्ही चुकला नव्हतात. नेमकी जात मात्र सांगता येत नाही, कारण रंग गेलाय आणि शेपटीचं टोक मोडलंय. हा खोल समुद्राच्या तळाशी राहतो, जिथे उजेड जेमतेम पोचतो किंवा पोचतच नाही. छातीच्या पंखांतले खालचे दोन-दोन काटे सुटे असतात, त्यांवर तो तळावरून चालल्यासारखा सरकतो आणि मिशांनी चिखल चाचपतो. एवढं चिलखत असून तो कुणावर धावून जात नाही. त्याच्या वरच्या जबड्यात दातसुद्धा नसतात. चिखलातले बारीक जीव टिपत राहतो. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा बागलीकडून रोज बसनं येणारी एक मुलगी म्हणाली, "मैडम, बेचारा सिर्फ बचने के लिए इतना पहन के घूमता है." मला वाटलं, ही तुमच्याकडे शिकली असती तर तुमचं छान जमलं असतं.

संशोधक बाईंनी शेवटी लिहिलं होतं, हा नमुना कुठून आणि कुणी उचलला ते माहीत असेल तर लेबलावर लिहा, नाहीतर तो नुसता बरणीतला मासा. म्हणून परवा मी पुन्हा धारला गेले. मासा वाचला होता, नावही मिळालं होतं. राहिला होता संग्राहकाचा रकाना. मॅडम कंप्यूटरपुढे बसल्या होत्या, बाबूजी अर्ध्या-अर्ध्या कपाचा कट चहा वाटत होते. मॅडम म्हणाल्या, "कलेक्टर में सर का नाम डालूँ न? रजिस्टर में वही है."

"मैडम, उठाया मेरे पिताजी ने था. वो साथ गए थे."

"किसी ने लिखा है?"

"नहीं. उन्होंने बताया था."

त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "देखो, घर की बात मैं रजिस्टर में कैसे चढ़ाऊँ? और उनको पता था कि समुद्र से आई है, तो उस पर नदी का लेबल क्यों लगाते? बाबूजी बता रहे थे, एग्ज़ामिनर के सामने बड़ी फजीहत हुई थी."

मला तेव्हा कळलं की मी गप्प राहिले तर तुमची साक्ष कायमची खोटी ठरणार. तुम्ही स्वतःवर घेतलेली माझी चूक तुमच्या हातातून तुमचाच मासा काढून घेत होती. अकरा वर्षं मी समजत होते की ती गोष्ट तुमच्या-माझ्यात आहे आणि तुमच्याबरोबर संपली. मी म्हणाले, "वो लेबल मैंने लिखा था. उनकी कलम से, उनकी लिखावट में. उनको पता नहीं था."

बाबूजींनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "तूने?"

"जी."

"और वो सबके सामने सुन के आ गया?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "मेरे को उस दिन भी अटपटा लगा था. अण्णा से गलती हो जाए तो वो बुलाने की राह नी देखता था, खुद जाके बोलता था. बीकर फूटा तो टुकड़े लेके पहुँच जाता था सर के पास. उस दिन बुलाने पे बोला." मॅडमनी विचारलं, "लिखकर दोगी?" मी म्हटलं, देते. बाबूजींनी कोरा कागद दिला आणि मी तिथेच बसून अर्ज लिहिला: अमुक बरणीवरचं चुकीचं लेबल मी लावलं होतं, परिचरांचा त्यात दोष नव्हता, नमुना त्यांनीच धक्क्यावर निवडला होता. मॅडमनी तो वाचून रजिस्टरात जोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याचा उल्लेख केला. नवं लेबल छापून आलं. संग्राहकापुढे तुमचं पूर्ण नाव आहे, त्याखाली प्रयोगशाळा परिचर. स्थानिक नावाचा एक रकाना असतो. त्यात मॅडमनी आपणहून विचारून शिलेदार लिहिलं. बरणी मीच वरच्या मजल्यावर नेली. बाबूजी मागून ओरडत होते, "सँभाल के, छोरी, अब ये राक्षस नामवाला हो गया है!"

तिथून घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग इतकी वर्षं काय केलंस?" आणि निवडतच राहिली. तो प्रश्न घेऊनच देवासला परत आले आणि हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही हे मला माहीत आहे. माझी शाळा हिंदी, मराठी घरातलंच. तुम्ही असता तर आधी अक्षर बघितलं असतं आणि मग मजकूर. पण अर्जात मी एक गोष्ट लिहिली नाही, मॅडमना सांगितली नाही, आईलाही नाही.

त्या दिवशी लेबल खरवडून झाल्यावर पुढचा नंबर माझा होता. परीक्षकांनी तीच बरणी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, ये कहाँ की है? मी दारातून सगळं ऐकलं होतं. मी म्हणाले, समुद्र की, सर, तल में रहती है. ते सरांकडे वळून म्हणाले, "देखिए, इस बच्ची को आता है. शाबाश." तुम्ही माझ्या मागे ओल्या फडक्यानं टेबल पुसत होता. मला तेव्हा लाज वाटली नाही, अण्णा. मला आनंद झाला होता.